गावाकडं पॅनेलचं घर : सात लाखांत बसतं का?

मोरणाकाठ (रविवार, सकाळी ९.४०)

मंडळी, नमस्कार. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

गाव पाटण तालुक्यात, मोरणा खोऱ्यात. आई-अप्पा दोघंच गावी, मी पुण्यात. गावठाणातलं जुनं घर दगड-मातीचं, वर कौलं. गेल्या पावसाळ्यात मागची भिंत पोट काढून उभी राहिलीय. गवंडी म्हणाला, हिला हात लावला तर सगळंच खाली येईल. पाडून आरसीसी बांधायचं तर त्यानं चौदा लाखांचा अंदाज दिला. माझ्याकडं सात आहेत, लई ताणलं तर साडेसात. शिवाय गवंडी दिवाळीनंतर मिळाला तर शिमग्याला गायब. मला तर मिरगाच्या आत दोघांना कोरड्यात न्यायचंय.

म्हणून पफ पॅनेलच्या (दोन पत्र्यांच्या मध्ये फोम भरलेल्या तयार भिंतींच्या) घराचा विचार. साताऱ्याच्या बाजूला हायवेलगत दोन ठिकाणी नमुन्याची घरं बघितली. दिसायला झ्याक आहेत. वीस बाय वीसच्या घराला चौरस फुटाला १४५० रुपये भाव सांगितला. म्हणजे ५ लाख ८० हजार, असं धरून मी खुशीत घरी आले. रात्री झोप लागेना. एवढं सोपं असतं तर सगळ्या तालुक्यानं केलं नसतं का?

आमच्याकडचा पाऊस पाटणकरांना सांगायला नको. आवाज, गंज, वारा, किती वर्षं टिकतं, कर्ज मिळतं का, ग्रामपंचायतीत नोंद होते का, सगळंच विचारायचंय. आणि आईचा एक प्रश्न आहे : आत चूल पेटवता येईल का? गॅस आहे, पण अप्पांना भाकरी चुलीवरचीच लागते.

अप्पांचं वेगळंच. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे भूकंपात घर पडलं तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. पुढचे कित्येक महिने पत्र्याच्या शेडात काढले. "ल्हानपण पत्र्यात ग्येलं, आता म्हातारपण बी पत्र्यातच घालवतीस व्हय?" म्हणाले. मला काही बोलता आलं नाही.

खुरपं (१०.०५)

पफ म्हणजे थर्मासची भिंत. थर्मासात चहा ठेवतात ताई, माणसं न्हाईत. दोन खोल्या विटांच्या बांधा, वर पत्रा टाका, विषय संपला.

बेदाणा (१०.५०)

खुरपं अण्णा, आमची चार माणसं तीन वर्षं त्या थर्मासात राहतायत. अजून गार झालेली नाहीत.

ताई, मी तासगावचा. द्राक्षबागेत २४ बाय १२ चं पफचं घर केलंय, भिंती ५० मिलीमीटर, छत ६०. बरं काय ते आधी सांगतो. जोतं तयार होतं, त्यावर नऊ दिवसांत घर उभं राहिलं. एप्रिलच्या उन्हात बेदाणा शेडमध्ये दुपारी उभं राहवत नाही, घरात पंख्यावर भागतं. पण विटांच्या घरासारखा गारवा धरून ठेवत नाही हे. दार उघडं राहिलं की अर्ध्या तासात तापतं आणि रात्री तितक्याच लवकर निवतं. आवाज म्हणाल तर नुसत्या पत्र्यासारखा नाही. जोराच्या पावसात माणसाचं बोलणं ऐकू येतं, टीव्हीचा आवाज मात्र वाढवायला लागतो.

आता वाईट. तुमचं ५ लाख ८० हजार डोक्यातून काढून टाका. तो डब्याचा भाव झाला. त्यावर १८ टक्के जीएसटी. गाडीभाडं वेगळं. जोतं तुमचं, संडास-बाथरूमचं पाणी काढणं तुमचं, सेप्टिक टाकी तुमची, मीटरपासून घरापर्यंतची वायर तुमची. मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं कोटेशन ४ लाख १० हजारांचं होतं, राहायला गेलो तेव्हा खिशातून ६ लाख ८० हजार गेले होते.

कर्जाचं : माझी जमीन शेतीची, एनए (बिगरशेती) नाही. बँकेनं हात वर केले. सायबानं तोंडावर सांगितलं, उद्या नट-बोल्ट काढून नेलंत तर आम्ही कशावर जप्ती आणायची? शेवटी बायकोचं सोनं ठेवलं.

मोरणाकाठ (११.३०)

बापरे. आत्ता हिशेब केला. ५ लाख ८० हजारांवर जीएसटीच १ लाख ४ हजार ४०० होतो! घर ६ लाख ८४ हजारांना पडलं, आणि अजून जमिनीला हातसुद्धा लागला नाही.

कुपवाडचा_वेल्डर (दुपारी २.१५)

मी याच धंद्यात आहे, अकरा वर्षं. नाव-गाव विचारू नका, दुकान चालवायचंय.

ताई, पहिलं काम : जिथून घेणार तिथून पॅनेलचा एक फूट बाय एक फूट कापीव तुकडा मागा आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. ५० मिमीचं पॅनेल असेल, दोन्ही बाजूंचा पत्रा खरोखर ०.५ मिमीचा असेल आणि आतला फोम घनमीटरला ४० किलो घनतेचा असेल, तर तुकडा ९०० ग्रॅमच्या आसपास भरतो. ७०० भरला तर पत्रा ०.३५ चा आहे असं समजा. सगळे कोटेशनमध्ये ०.५ च लिहितात. काटा खोटं बोलत नाही. काहीजण पफ सांगून थर्माकोलचं, म्हणजे ईपीएसचं पॅनेल देतात. कापलेल्या कडेला मणी-मणी दिसले की ते थर्माकोल. त्यात उंदीर आणि मुंग्या घर करतात, आमच्याच एका गिऱ्हाईकाचं झालंय.

सांगाड्याची ट्यूब किती जाडीची, ते मिलीमीटरमध्ये लिहून घ्या. 'हेवी' या शब्दाला कोर्टात किंमत नाही. मापं बाहेरून की आतून, तेही विचारा. बाहेरून २० बाय २० म्हणजे आत तेवढं मिळत नाही.

आणि माझ्याच लोकांविरुद्ध बोलतो : सत्तर-ऐंशी टक्के ॲडव्हान्स देऊ नका. ऑर्डरला तीसेक टक्के. माल निघायच्या आधी कारखान्यात जाऊन आपल्या डोळ्यांनी बघायचा आणि मग पुढचा हप्ता. दहा टक्के तरी पहिला मोठा पाऊस होईपर्यंत हातात ठेवा. गळती पहिल्या पावसात कळते. मे महिन्यात सगळीच घरं कोरडी असतात.

पाटण_एसटी_स्टँड (३.००)

आमच्या खोऱ्यात नुसता पाऊस नाही, झड असते. आडवा येतो. त्या हायवेवरच्या नमुन्याच्या घराला छज्जा किती होता? वीतभर असणार. तेवढ्यावर आपल्याकडं पश्चिमेच्या भिंतीच्या सांध्यांतून पाणी आत येणारच, सिलिकॉन किती का भरा. डब्यावर साध्या पत्र्याचं दुसरं उतरतं छप्पर घ्या, चारी बाजूंना तीन-तीन फूट बाहेर, पश्चिमेला पडवीच काढा सहा फुटांची. मधून हवा खेळते, ऊन डब्याच्या छतावर पडत नाही, पावसाचा आवाजही वरच्या वर राहतो. जुन्या लोकांनी पडव्या शोभेला नव्हत्या काढल्या.

जोतं दीड-दोन फूट तरी उचला. गंज पॅनेलच्या मधोमध सहसा येत नाही. तळाच्या चॅनेलला येतो, पत्रा कापलेल्या कडेला येतो आणि स्क्रूच्या डोक्याला येतो. चॅनेल पाण्यात बसला नाही तर घर टिकतं.

आणखी एक. घरामागं डोंगराचा उतार किती लांब आहे? जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळ्याला काय झालं ते आपण बघितलंय. दरड आली तर वीट काय आणि पॅनेल काय.

मोरणाकाठ (३.२०)

उतार लांब आहे, मध्ये ओढा आणि भातखाचरं आहेत. पडवीचं पटलं. आईला सांगितलं तर म्हणाली, मग चूल पडवीतच की!

सस्ते_घर_वाला (३.४५)

[हा प्रतिसाद जाहिरात असल्यानं काढला आहे. – संचालक]

खुरपं (३.५०)

आला होता व्हय गिधाड. बरं झालं उडवला.

कऱ्हाडची_वहिनी (संध्याकाळी ६.३०)

चुलीचं मी सांगते. आत अजिबात नको. पफचा फोम पेटला की भराभर जळतो आणि धूर विषारी असतो. वर पत्रा असला म्हणून आतला फोम सुरक्षित नाही. कापलेली कड किंवा वायरचं भोक उघडं राहिलं की तिथून आत आग पोचते. गॅसची शेगडीही पॅनेलला चिकटून नको. आमच्याकडं ओट्यामागं सिमेंट बोर्ड लावून त्यावर टाइल्स बसवल्यात. जास्त पैसे असतील तर रॉकवूलचं पॅनेल मिळतं, ते जळत नाही, पण ताई तुमच्या बजेटात ते बसेलसं वाटत नाही.

आता बायकांच्या कामाचं, जे विकणारा सांगत नाही. या भिंतीत खिळा ठोकता येत नाही. ठोकला तर त्याला वजन पेलत नाही. मांडणी, देव्हारा, पाण्याचा फिल्टर, अप्पांचा फोटो (म्हणजे त्यांच्या आई-वडिलांचा हो, गैरसमज नको), गिझर, हे सगळं कुठं टांगायचं ते पॅनेल बसायच्या आधी कागदावर काढा आणि तिथं आतून ट्यूबची आडवी पट्टी मारून घ्या. नंतर होत नाही. कडाप्प्याच्या ओट्याला खाली लोखंडी स्टँड वेगळा लागतो, तो भिंतीवर टेकवायचा नाही.

आणि संडास-बाथरूम विटांचंच करा. आम्ही आत बोर्डाच्या जमिनीवर केलं. दोन वर्षांत बोर्ड फुगला. सगळं उचकटून पुन्हा केलं, त्यात पन्नास हजार गेले.

सातबारा_आठअ (रात्री ९.१०)

उशिरा आलो. महसुलात नोकरी झाली, आता निवृत्त आहे, म्हणून कागदाचं तेवढं बोलतो.

पॅनेलचं आहे, नट-बोल्टचं आहे, म्हणून परवानगी लागत नाही असं दुकानदार सांगतात. ते विसरा. जोत्यावर बसवून माणसं राहणार असतील तर कायद्याच्या नजरेत ते बांधकाम.

तुमचं गावठाणात आहे, हे नशीब. एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या घराला प्रक्रिया बरीच हलकी केलीय. मालकीची कागदं, नकाशा, परवानाधारक अभियंत्याचा दाखला आणि शुल्क भरल्याची पावती घेऊन ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) भेटा. काम झालं की नमुना आठला (ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत) नोंद लावून घ्या आणि त्यात घराचं वर्णन नीट लिहिलंय का ते बघा. मीटर नावावर करायलाही तोच उतारा लागतो.

त्याआधी एक विचारतो, रागावू नका. घर एकट्या अप्पांच्या नावावर आहे का? गावठाणात निम्मी भांडणं जोतं खोदताना सुरू होतात. स्वामित्व योजनेत तुमच्या गावाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक काढा आणि त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते वाचा.

बेदाणा यांच्यासारखं शेतात करणाऱ्यांना : शेतघराला जमीन महसूल संहितेच्या कलम ४१ ची चौकट आहे, ते वाचून तहसीलला जा. दोन गुंठे घेऊन त्यावर केबिन ठेवायची स्वप्नं बघणाऱ्यांनी तर आधी तुकडेबंदीचा (शेतजमिनीचे लहान तुकडे विकायला मनाई करणारा) कायदा वाचावा. गुंठा विकणारा विकून मोकळा होतो.

बेदाणा (९.३०)

साहेब, दुखरी नस धरलीत.

मोरणाकाठ (९.४५)

तीन नावं आहेत. अप्पा, चुलते आणि आत्या. चुलते मुंबईला. त्यांना फोन करायला लागणार. हे माझ्या यादीतच नव्हतं.

संगमावरचा (सोमवार, सकाळी ७.५०)

हरिपूरहून. ताईंच्या गावाला पुराचा प्रश्न नसावा, पण धागा आमच्याकडचे लोकही वाचतील म्हणून लिहितो. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५. पाव्हण्यांची मळ्यातली तयार केबिन, अशीच बाहेरून चकाचक, नुसती चार दगडांवर ठेवलेली. पाणी चढलं तशी तरंगली आणि गेली. आठ दिवसांनी दोन शेतं पलीकडं उसात आडवी सापडली. हलकं घर भूकंपाला बरं, पुराला बोटीसारखं. निळ्या पूररेषेच्या आत असलं काही नकोच. बाहेर असलात तरी बेस प्लेट आणि अँकर बोल्ट जोत्याच्या काँक्रीटमध्ये गाडूनच घ्या. वाऱ्यालाही तेच. पाण्यात राहिलेल्या पॅनेलच्या कडेतून चिखल आत जातो, तो वास काही केल्या निघत नाही.

आमच्या काळ्या मातीतलं अजून एक. 'हलकं घर आहे, जोत्याला काय, चार इंच काँक्रीट ओता' हे ऐकू नका. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. जोतं वाकडं झालं की दारं लागत नाहीत, सांधे उघडतात. माती काढून मुरूम भरायचा, मगच पुढचं.

कुपवाडचा_वेल्डर (८.३०)

संगमावरचे बरोबर बोलले. भूकंपाचा विषय निघालाच आहे तर ताईंच्या अप्पांसाठी सांगतो. नऊ इंची विटेची एक चौरस मीटर भिंत सव्वाचारशे-साडेचारशे किलो भरते, दगड-मातीची जाड भिंत त्याहून बरीच जास्त. पफ पॅनेल तेवढंच घेतलं तर दहा किलो. भूकंप घराला त्याच्या वजनाच्या हिशेबात ढकलतो. किल्लारीला १९९३ ला माणसं गेली ती दगड-मातीच्या भिंती आणि माळवदं अंगावर येऊन. कोयनेच्या पट्ट्यात हलकं घर वाईट नाही, फक्त सांगाडा नीट बांधलेला पाहिजे.

अजून दोन गोष्टी. घर लोखंडी आहे, तेव्हा अर्थिंग आणि तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की लगेच वीज तोडणारा स्विच) यात काटकसर नको. एक वायर सोलली गेली तर सगळी भिंत करंट मारते. आणि गावात जायचा रस्ता. तयार केबिन ट्रेलरवर येते, उतरवायला हायड्रा क्रेन लागतो. तुमच्या वळणांवर तो चढणार नाही. सुटी पॅनेल मागवा, ती छोट्या टेम्पोत बसतात आणि चार माणसं हातानं उतरवतात.

जावली_एक्सप्रेस (११.००)

कंटेनरच्या घराचं काय? जुना वीस फुटी स्वस्तात मिळतोय.

कुपवाडचा_वेल्डर (११.२०)

आतली रुंदी सात फूट आठ इंच. त्यात उष्णता अडवायला आतून अस्तर मारलं की सात. खाट टाकली की माणसानं आडवं चालायचं. हॉटेलवाल्यांना शोभतं ते.

खुरपं (११.३०)

अप्पांचं नाव घरकुल यादीत हाय का बघितलं का कुणी? केंद्राच्या योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार मिळतात. २५ चौरस मीटर तरी घर लागतं, आणि हप्ते कामाचे टप्पे फोटोत दिसले की येतात. पॅनेलचं चालतं का ते पंचायत समितीत अभियंत्याला आधी इचारा. एका दिवसात उभं राहिलेल्या भिंतीचा 'लिंटलपर्यंत'चा (दारा-खिडकीच्या माथ्यापर्यंतचा) फोटो काढायचा कसा, हा माझा प्रश्न हाय.

मोरणाकाठ (तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८.३०)

मंडळी, उशीर झाला, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

घरकुल यादीत नाव नाही. चुलते आणि आत्या दोघांनी सही दिली. आत्यानं अट घातली की माहेरपणाला एक खाट तिची. दिली.

तीन ठिकाणांहून तुकडे आणले. काट्यावर एक ६९० भरला, एक ८७०, एक ९१०. ६९० वाल्यानं सगळ्यात स्वस्त भाव दिला होता आणि ऐंशी टक्के ॲडव्हान्स मागत होता! त्याला काट्याचं सांगितलं तर म्हणाला, मॅडम, तुमचा काटा बिघडलाय. त्याच काट्यावर किलोभर साखरेचं पाकीट ठेवून दाखवलं तेव्हा गप्प.

घर लहान केलं. पॅनेलचं २० बाय १४, म्हणजे २८० चौरस फूट. १४५० नं ४ लाख ६ हजार, जीएसटी धरून ४ लाख ७९ हजार. गाडीभाडं २८ हजार. जोतं ८० हजार, कारण पाडलेल्या घराचाच दगड वापरणार. विटांचं संडास-बाथरूम टाकीसकट ९५ हजार. वीज, अर्थिंग ३५ हजार. झाले ७ लाख १७ हजार. वरचं दुसरं छप्पर आणि पडवी उरलेल्या तेहतीस हजारांत बसत नाही. जुन्या घराचे सागवानी वासे निघतील ते पडवीला लावायचे आणि राहिलेले पैसे मी दोन महिन्यांच्या पगारातून घालायचे, असं ठरलंय.

अप्पांना तो ९१० ग्रॅमचा तुकडा हातात दिला आणि वेल्डरदादांचं दहा किलो-साडेचारशे किलोचं वाचून दाखवलं. बराच वेळ उलटासुलटा करत बसले. मग म्हणाले, "ही अंगावर पडली तर काय लागायचं?" आणि तुकडा उशाशी ठेवून झोपले. यात होकार आला असं आई म्हणते.

आईनं पडवीची जागा अजून आखली नाही तोवर तीन दगड मांडून ठेवलेत चुलीला. नकाशा काढणाऱ्या पोरानं त्याच्या कागदावर तिथं चक्क 'चूल' असं लिहिलंय, पॅनेलपासून आठ फूट.

कऱ्हाडची_वहिनी (८.४५)

वाऱ्याची दिशा बघितली ना? धूर घरात येणार नाही अशा अंगाला ठेवा.

मोरणाकाठ (८.५०)

पूर्वेच्या पडवीत आहे. पश्चिमेचा वारा धूर खाचराकडं नेईल. आता फक्त जोत्याला गवंडी मिळत नाही.

खुरपं (९.०५)

थर्मास म्हनलो ते मागं घेतो. उंब्रजला माझा मेव्हणा गवंडी हाय, जोतं झकास काढतो. नंबर व्यनित (खासगी निरोपात) टाकतो. फक्त शिमग्याच्या आत उरकून घ्या, त्यो बी गायब हुतो.